मुलाखत झाली, ट्रायल झाली, मग दोन्हीकडून फोन बंद

भरती_मच्छे: बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर किंवा व्हीएमसी (त्यातलंच उभ्या कटरचं मशीन) सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा, घेताना हेच चालतं. ट्रायल चांगली जाते, 'सोमवारी येतो' म्हणून पोरगा जातो आणि सोमवारी फोन बंद. पोरांची तक्रार उलटी: 'कळवतो' म्हणाले, महिना झाला. हे कुठे तुटतं आणि दोघांनी नेमकं काय करायचं?

पगारपत्रक: पोरं गळतात ती बहुधा आकड्यावर. मुलाखतीत सांगितलेले '18 हजार' हे ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचे असतात. त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 15 हजार धरा: पीएफ त्यावर 12 टक्के म्हणजे 1,800, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ग्रॉसवर 0.75 टक्के म्हणजे 135. हातात पडतात 16,065. शिनोळीत तेवढाच पगार असेल तर ती हद्द महाराष्ट्राची. तिथे पुरुष कामगाराला 10 हजारांच्या वर व्यवसाय कर महिना 200, फेब्रुवारीत 300. कर्नाटकात 25 हजारांच्या आत तो कर नाही. हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. पोरगा घरी जाऊन शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजाऱ्याचे 17 हजार ओव्हरटाइमसकट असतात!

मुलाखतीच्या टेबलावरच अर्ध्या कागदावर लिहून द्या: ग्रॉस, कपात, हातात किती, शिफ्टच्या वेळा, ओव्हरटाइमचा दर (कायद्याने दुप्पट). खानापूर, नंदगडहून येणाऱ्याला पाळी सुटल्यावर गाडी आहे का, हेही तिथेच विचारा. गाडी नसेल तर तो आठ दिवसांत सोडणारच.

सेटर_उद्यमबाग: कंपनी गप्प बसते कारण पहिल्या पसंतीचा उमेदवार हजर होईपर्यंत दुसऱ्याला राखून ठेवलेलं असतं. किंवा गिऱ्हाइकाचं शेड्यूल लांबतं आणि जागाच अडकते. ते मालक ठरवतो, एचआरला सांगता येत नाही. म्हणून पोरांनो, निघताना 'कळवा' म्हणू नका. कोण कळवणार, कुठल्या तारखेपर्यंत, हे विचारून नंबर घ्या. तारीख उलटली की दोन कामाचे दिवस थांबून एक मेसेज, आठवड्याने दुसरा. मग ती जागा सोडा.

तोंडी होकारावर राजीनामा तर देऊच नका. पगाराचा आकडा आणि रुजू व्हायची तारीख असलेलं ऑफर लेटर आधी हातात घ्या. आयटीआयची मूळ मार्कशीट दाखवून लगेच परत घ्या, ठेवायला झेरॉक्स द्या.

लाईन_इन्चार्ज: नोटीस महिन्याची असेल तर खरा धोका त्या 30 दिवसांत. जुना मालक हजार-दोन हजार वाढवतो आणि पोरगा तिथेच थांबतो. म्हणून भरती करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात राजीनामा स्वीकारल्याची प्रत मागवा, दुसऱ्यात सेफ्टी शूजचं माप, तिसऱ्यात सुपरवायझरशी बोलणं करून द्या. जो दोनदा विचारूनही बुटाचं माप कळवत नाही, तो येणार नाही असं धरून राखीव माणसाला बोलवा.

आणि पोरांनो, जुनी कंपनी न सांगता सोडू नका. रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, पीएफ खात्यावर सोडल्याची तारीख पडत नाही, ट्रान्सफर अडकतो. ती तारीख स्वतः टाकता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं आणि ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू लागतो.

भरती_मच्छे: उपयोगी पडलं, धन्यवाद. नकार कळवायलाच एचआर कचरतात. काय लिहायचं?

पगारपत्रक: तीन ओळी पुरतात. 'नमस्कार. व्हीएमसी सेटरच्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. तुमचं जॉब सेटिंग चांगलं होतं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचताना अडलं. पुढे जागा निघाली तर कळवू का?' उमेदवारानेही तसंच: 'सर, मी दुसरीकडे रुजू होतोय, सोमवारी येणार नाही. जागा दुसऱ्याला द्यावी.' हे ठरल्या दिवशीच पाठवा. रविवारी रात्री कळवलं तर सोमवारची मशीन बंद राहते. मेसेज मराठी पोराला मराठीत, कन्नड पोराला कन्नडमध्ये जाऊ दे. इंग्रजी मेल बरेच जण उघडतही नाहीत.