स्वतंत्र नियामकाने इंग्लंडच्या फुटबॉलचा कारभार सुधारेल का?

प्रश्न: जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रशासन कायदा झाला आणि पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना परवाना देणारा स्वतंत्र नियामक आला. लीगच नियम करणार आणि आपल्याच सभासदांना शिक्षा करणार, हे दुखणे जुने आहे. पण या औषधाने ते बरे होईल का?

पहिले उत्तर: ‘बरी’ (Bury) या क्लबचे उदाहरण पाहा. १८८५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला गेला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये, आर्थिक क्षमतेचा पुरावा देता न आल्याने, इंग्लिश फुटबॉल लीगमधून (प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणी चालवणारी संस्था) बाहेर काढला गेला. मालकाची ऐपत खरेदीआधीच कसून तपासली असती, तर गिग लेन या त्यांच्या मैदानाला कुलूप लागले नसते, असे मला वाटते. नियामकाचे खरे काम इथेच आहे.

दुसरे उत्तर: मालकांच्या तपासणीबाबत सहमत आहे, मात्र मूळ रोग पैशाच्या वाटपात आहे. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबांना काही वर्षे विशेष रक्कम मिळते, आणि त्यांच्याशी बरोबरी करण्याच्या नादात इतर क्लब उत्पन्नापेक्षा जास्त पगार वाटून बसतात. वाटपावर प्रीमियर लीग आणि इंग्लिश फुटबॉल लीग यांचे जमले नाही, तर नियामक निवाडा देऊ शकतो. तो अधिकार वापरण्याची हिंमत त्याने दाखवली पाहिजे.

तिसरे उत्तर: नियामकाच्या अध्यक्षाची नेमणूक मंत्रीच करतात, तेव्हा ‘स्वतंत्र’ हा शब्द जरा जपूनच वापरावा.