बुधवारची मराठी प्रार्थनासभा: जिव्हाळा की गटबाजी?

पलासियाकर (इंदूर)
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारची उपासना हिंदीत होते. आम्ही काही मराठी घरं बुधवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेकाकडे जमतो. पेटीवर नारायण वामन टिळकांची भजनं, बायबलमधलं वचन, प्रार्थना, चहा. आता कमिटीतले काही जण म्हणतात, हे बंद करा, मंडळीत फूट पडते. मला हे पटत नाही. रविवारी ‘जय मसीह की’ म्हणून हात मिळवला की जो तो स्कूटरला किक मारतो. एका ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा कुणी द्यायचा, डोळ्यांत थेंब कुणी घालायचे, हे बुधवारच्या माणसांनीच वाटून घेतलं. कमिटीला तर ऑपरेशन झाल्याचंही ठाऊक नव्हतं.

छावणीवाले
डबा दिलात, उत्तम. त्याच सुमारास आपल्याच मंडळीतल्या एका मल्याळी नर्सची आई वारली. तुमच्यापैकी कोण गेलं होतं सांत्वनाला? उपासना सुटल्यावर पोहे-जलेबी असते तेव्हा एकदा नीट बघा. मराठी मावश्या कडुनिंबाखाली, मल्याळी कुटुंबं गेटपाशी, आणि झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल भागातली होस्टेलची पोरं ताटल्या घेऊन भिंतीला टेकलेली. पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची डबी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. येशूच्या पंक्तीला रोमधार्जिण्या राजवटीचा कर गोळा करणारा मत्तय होता आणि रोमचा कट्टर विरोधक मानला जाणारा शिमोन जिलोतही होता. त्यांना वेगवेगळे वार नेमून दिले नव्हते.

नगरची लेक
दादा, बोलायला सोपं आहे. माझ्या सासूबाईंना हिंदी प्रवचन समजतं, पण सासरे गेल्यावर त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या त्या बुधवारी, भजन चालू असताना. ते बंद करून तुम्ही त्यांना कुठे बसवणार? 1970 साली नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. एकीचा ठराव तेव्हाच झाला. बाकावर शेजारी कोण बसतो, ते काही ठरावाने ठरत नाही.

जुना इंदूरकर
दोघेही बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमेत हेच भांडण झालं होतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ‘प्रेमाने राहा’ एवढं सांगून हात झटकले नाहीत, आणि त्या लोकांची वेगळी मंडळीही काढून दिली नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफनापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, वाटप त्यांच्याच हाती. आपल्याकडे पोह्यांच्या पातेल्याशी वर्षानुवर्षं त्याच तीन घरांतली माणसं उभी असतात (त्यांत दोन मराठी, रागावू नका). होस्टेलच्या पोरांना वाढायला उभं करा. जो वाढतो त्याला सगळ्यांची नावं आपोआप कळतात.

पलासियाकर
पातेलं जरूर द्या. पण होस्टेलची पोरं परीक्षा झाली की गावी जातात. वाढपी दर वर्षी नवा. आजारपणात रात्री अकराला फोन कुणाला करायचा? बारा महिने इथेच राहणाऱ्यालाच ना?

छावणीवाले
जाणाऱ्याशी नातं जोडायचंच नाही, असा नियम आहे का? आणि त्या पोरांपैकी एकाला टायफॉइड झाला तेव्हा अकराचा फोन त्याने वॉर्डनला केला. आपल्यापैकी कुणाचा नंबरच नव्हता त्याच्याकडे.

जुना इंदूरकर
म्हणूनच म्हणतो, प्रार्थनासभा बंद करायचं खूळ कमिटीने सोडावं आणि बुधवारवाल्यांनी दार उघडं ठेवावं. महिन्यातला एक बुधवार होस्टेलच्या मेसमध्ये घ्या. चहा त्यांचा, पेटी तुमची.

नगरची लेक
मेसमध्ये येईन. भजनं मात्र मराठीच होतील, आधीच सांगते.

छावणीवाले
होऊ द्या. पण मग त्यांचं भिली गाणंही पूर्ण ऐकायचं, मध्येच चहाला उठायचं नाही.