मदत हवी आहे : कोलारा गेटजवळच्या सहा खोल्यांच्या लॉजला दारूचा परवाना

प्रश्न – वाटसरू_चिमूर

चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या कोलारा गेटच्या बाजूला लहान गावात सहा खोल्यांचं लॉज आहे. जागा एनए (बिगरशेती), किचन आपलंच. सफारीहून आलेले पाहुणे थंड बिअर मागतात. एवढ्याशा लॉजला परवाना मिळते का? गावात झेडपीची शाळा आहे आणि वाटेवर मातामायचं (गावदेवीचं) ठाणं आहे, तर अंतर कुठून कुठवर मोजतात? आणि पाहुण्यानंच बाटली आणली तर आपल्यावर काही येते का? जाणकारांनी सांगावं.

सातबारा

पहिले जिल्हा पाहा. चंद्रपुरात 2015 ला लागलेली दारूबंदी 2021 मध्ये उठली, म्हणून तुमचा प्रश्न तरी उभा राहते. हेच लॉज बोर व्याघ्र प्रकल्पाजवळ, म्हणजे वर्धा जिल्ह्यात असतं किंवा गडचिरोलीत असतं, तर तिथं दारूबंदी असल्यानं कोणताच परवाना नव्हता.

बसून पिण्याचा परवाना म्हणजे एफएल-3, आपली परमिट रूम. खोल्या किती यावर तो अडत नाही, पण खाणावळ खरीखुरी चालू पाहिजे. फूड लायसन्स, एनए आदेश, बांधकाम परवानगी, चारित्र्य पडताळणी आणि नकाशा तयार ठेवा. अर्ज ऑनलाइन जातो, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा दुय्यम निरीक्षक जागा पाहून जातो, कागद अधीक्षकांकडून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातात आणि मंजुरी तिथं होते. वाईन शॉपच्या (एफएल-2) नादी लागू नका. ते परवाने सत्तरच्या दशकापासून नव्यानं देत नाहीत, जुनेच हातोहात फिरतात.

फक्त बिअर आणि वाईनच द्यायची असेल तर ‘नमुना ई’ पाहा. सहा खोल्यांना माझ्या मते तेवढंच झेपते. एफएल-3 ची फी गावच्या लोकसंख्येवर ठरते, म्हणून खेड्यात ती शहरापेक्षा कमी. पण ती वर्षाची असते, नूतनीकरण 31 मार्चच्या आत, आणि ताडोबाचा कोअर (आतलं जंगल) जुलै ते सप्टेंबर बंद. त्या तीन महिन्यांत गल्ला बसला तरी फी काही कमी होत नाही. चालू वर्षाचा आकडा अधीक्षक कार्यालयातूनच घ्या, दलालाच्या तोंडून नको.

फूटपट्टी

अंतराबद्दल. शाळा किंवा धार्मिक स्थळापासून 75 मीटर. ते सरळ रेषेत मोजत नाहीत. तुमच्या दाराच्या मध्यापासून, माणूस ज्या जवळच्या वाटेनं पायी जातो त्या वाटेनं, शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. कंपाउंड असेल तर फाटक, नसेल तर इमारतीचं दार. म्हणून शाळेचं मागचं लहान फाटक तुमच्याकडं उघडत असेल तर मोजणी तिथूनच होणार, हे आधी पाहून घ्या. धार्मिक स्थळ म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचं. मातामायचं उघडं ठाणं न्यासात नसेल तर नियमात बसत नाही. ग्रामसभेत मात्र त्यावरून बोंब होणार, हे धरून चाला.

रस्त्याचंही एक आहे. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2016 चा आदेश राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचा आहे: 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, आणि 20 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी मार्च 2017 च्या दुरुस्तीनं 220 मीटर. जिल्हा मार्ग किंवा गावरस्ता त्यात येत नाही. त्यामुळं तुमच्यासमोरचा रस्ता कोणत्या दर्जाचा आहे याचं पत्र बांधकाम विभागाकडून घेऊन अर्जासोबत लावा. हे पत्र नसलं की फाईल परत येते.

गावसभा_7

ठराव ग्रामसभेचा पाहिजे. मासिक सभेचा ठराव किंवा सरपंचाच्या लेटरहेडवरची ना-हरकत लावली म्हणून अर्ज लटकतात. विषय अजेंड्यावर लेखी घ्या, ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये घुसवू नका, नाहीतर कोणीही तक्रार करून ठराव पाडते. मेळघाट किंवा केळापूरसारख्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) भागात तर दारू नियंत्रित करण्याचा अधिकार कायद्यानंच ग्रामसभेचा आहे. परवाना मिळाल्यावरही गावातल्या बायांनी आडव्या बाटलीसाठी (म्हणजे दारू बंद करायला) मतदान मागितलं तर दुकान बंद होऊ शकते, म्हणून बचत गटाच्या ताईंशी आधीच बोला.

हिशोबनीस

पाहुण्याच्या बाटलीबद्दल कोणी बोललं नाही, आणि लॉजवाले नेमके तिथंच अडकतात.

पाहुण्याजवळ पिण्याचा परवाना आहे, वय बसते (बिअर-वाईनला 21, बाकीला 25) आणि तो आपल्या खोलीत पितो, तोवर तुमचा संबंध कमी. एक दिवसाचा परवाना दुकानात 5 रुपयांत मिळतो, तो घ्यायला लावा. पण तुम्ही लॉनवर टेबल मांडलं, ग्लास, बर्फ, चकणा पुरवला की ते विनापरवाना दारूगृह होते. दारूबंदी कायद्याचं कलम 68 मालकावर, 84 पिणाऱ्यावर. दारू तुम्ही विकली नाही, हा बचाव 68 ला चालत नाही, कारण जागा दिली हाच गुन्हा. पंचनाम्यात वास येणारे ग्लास आणि किचनमागचा रिकाम्या शिश्यांचा ढीग दोन्ही लिहितात. वाईन शॉपमधून पेटी आणून फ्रिजमध्ये ठेवून ‘सेवा म्हणून’ खोलीत पोचवणं तर सरळ विक्री धरतात, कलम 65.

परवाना मिळाला तर माल होलसेलरकडूनच, वाहतूक पासासह. रोजचा साठा रजिस्टरला चढवायचा, सर्व्ह करणाऱ्या पोराचा नोकरनामा (कामाचा परवाना) काढायचा. मंजूर नकाशाबाहेर, म्हणजे झाडाखालच्या मचाणावर, एक पेगही गेला तर भंग. मचाणावर द्यायचं असेल तर नकाशातच दाखवून मंजूर करून घ्या.

वाटसरू_चिमूर

धन्यवाद भाऊ. शाळेचं मागचं फाटक आमच्याच बाजूला उघडते, उद्या टेप घेऊन जातो. फक्त 31 डिसेंबरला एका ग्रुपची पार्टी करायची असेल तर?

सातबारा

त्यासाठी एक दिवसाचा तात्पुरता परवाना, एफएल-4(अ). अर्ज ऑनलाइनच, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी होते, आधी टाका. तो त्या तारखेला आणि त्या जागेलाच लागू, दुसऱ्या दिवशी उरलेली बाटली विकता येत नाही. आणि निवडणूक लागली असेल तर मतदान संपायच्या आधीचे 48 तास त्या भागात कोरडेच, आधी तारखा पाहूनच बुकिंग घ्या.