मेथोट्रेक्सेट : रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच

वडिलांचे सोरायसिसचे चट्टे महिनाभरात गेले नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेट रोज घेतले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. कृपया असे मुळीच करू नका. सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; रोज घेतल्यास अस्थिमज्जेचे काम मंदावते, रक्तपेशी घटतात आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. गुण दिसायला अनेक आठवडे लागतात, त्यामुळे महिनाभरात निराश होण्याचे कारण नाही.

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर एका औषध विक्रेत्याने चुकून ‘रोज एक’ असे लिहिले होते. सहाव्या दिवशी तिच्या तोंडात इतके फोड आले की पाणीही गिळवेना. तातडीने दाखल केल्यावर या औषधाचा विषारी परिणाम रोखणाऱ्या फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने द्यावी लागली आणि ती वाचली. तेव्हापासून आम्ही चिठ्ठीवर ठरलेला वार अक्षरी लिहून घेतो आणि दुष्परिणाम कमी करण्यासाठी सोबत दिलेली फोलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी, जी पुष्कळदा मेथोट्रेक्सेटसारखीच लहान व पिवळी असते, वेगळ्या डबीत ठेवतो.

रक्तगणना, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. मद्य टाळावे. दुसऱ्या आजारासाठी कोणी औषध देत असेल, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आधी सांगावे, कारण कोट्रायमोक्साझोलसारखे साधे वाटणारे प्रतिजैविकही त्याच्यासोबत घातक ठरते. ताप, कोरडा खोकला, धाप किंवा तोंडात फोड आल्यास पुढची मात्रा न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.