मदत हवी आहे: ९२,००० किलोमीटर झालेल्या ऑक्टाव्हियाला रिमॅप करावं का?

नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे, सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. आई-बाबा मागे बसलेले, डिकी भरलेली.

एका ट्यूनरने स्टेज १ रिमॅप सुचवलंय, म्हणजे इंजिनचे भाग न बदलता फक्त त्याच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर (मॅप) बदलून ताकद वाढवायची. मोह होतोय, खोटं कशाला बोलू! पण कंपनीकडूनच गाडीला १८० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि या ड्राय क्लच (तेलात न बुडलेला क्लच) गिअरबॉक्सची मर्यादाही २५० च धरतात. म्हणजे इंजिन ताकद देईल, पण क्लचचं काय? टॉर्क फार न वाढवता फक्त वरच्या आरपीएमला जोर मिळेल असा माफक मॅप कोणी करून घेतलाय का? त्यानंतर किती किलोमीटर झाले?

तेल मी दर ७,५०० किलोमीटरला बदलतो, ५डब्ल्यू-४०. घाट चढून आल्यावर गाडी मिनिटभर आयडलवर ठेवतो, टर्बोचं तेल तापलेलं असतं म्हणून. मागच्या सर्व्हिसला स्पार्क प्लग स्वतः हातात घेऊन पाहिले. चारही टोकं एकसारखी फिकट तपकिरी होती, म्हणजे इंधन नीट जळतंय.

रिमॅपआधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घेणारच आहे. टायमिंग चेन ताणली गेली आहे का, हे स्कॅनरवर नेमकं कुठल्या आकड्यावरून ओळखायचं? आणि ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी मॅप केला, पण कोकणात साधंच पेट्रोल मिळालं, तर नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिनला मार बसण्याचा) धोका कितपत? विम्याला कळवल्यावर काय झालं, तेही कृपया सांगा. गाडी अजून दहा वर्षं घरात ठेवायची आहे.