खांदेदुखी: आधी सोनोग्राफी की सरळ एमआरआय?

तिरपा_प्रोब
हात वर नेताना खांदा दुखतो म्हटलं की चिठ्ठीवर थेट एमआरआय. मला हे पटत नाही. चाळिशीपुढच्या खांद्यात संशय बहुतेकदा रोटेटर कफच्या (खांदा धरून फिरवणाऱ्या स्नायूंच्या) टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर असतो, आणि पूर्ण जाडीची फाट ओळखण्यात जाणत्या हातातली सोनोग्राफी एमआरआयच्या तोडीस तोड आहे. एक्स-रे काढा, मग सोनोग्राफी. १० मेगाहर्ट्झच्या वरचा लिनियर (सरळ तोंडाचा) प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा सोनोग्राफीचा भाग, खोली ३-४ सेंमी, फोकस टेंडनच्या पातळीवर. सुप्रास्पायनेटस (कफमधलं वरचं टेंडन) बघताना तळहात त्याच बाजूच्या मागच्या खिशावर ठेवायला लावा, कोपर अंगालगत. हात नुसता लोंबत असला तर हे टेंडन बरंचसं अक्रोमियनच्या (खांद्यावरच्या हाडाच्या टोकाच्या) छपराखाली दडलेलं असतं.

चुंबकवाला
'जाणत्या हातातली' या दोन शब्दांतच सगळी गोम आहे. टेंडनचे तंतू ध्वनिलहरींना काटकोनात नसले की प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि धडधाकट टेंडन काळं दिसतं. सुप्रास्पायनेटस हाडाला चिकटतं तिथे खाली वळतं. काळा डाग तिथेच पडतो आणि फाटही बहुधा तिथेच होते. घाईच्या ओपीडीत यातून 'आंशिक फाट' असे किती रिपोर्ट निघत असतील!

तिरपा_प्रोब
म्हणून तर प्रोब जागच्या जागी तिरपा करायचा. डाग भरून आला तर तो आभास. उभ्या-आडव्या दोन्ही छेदांत, कसाही कलवला तरी राहिला, तर फाट. खरी फाट सहसा एकटी येत नाही. टेंडनची वरची फुगीर कड सपाट होते किंवा खचते, खाली कूर्चेवर चकचकीत रेघ उमटते, हाड खडबडीत दिसतं. आणि कोनाचा घोळ एमआरआयमध्ये नाही का? तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास आले की कमी टीईच्या (लहर सोडल्यापासून प्रतिसाद टिपेपर्यंतच्या वेळेच्या) चित्रांत निरोगी टेंडन उजळतं. तेही याच सुप्रास्पायनेटसमध्ये.

चुंबकवाला
मान्य, पण जास्त टीईच्या टी२ (पाणी उजळ दाखवणाऱ्या) चित्रात ती झळाळी मावळते, आणि ते चित्र दुसऱ्या कुणालाही नंतर तपासता येतं. सोनोग्राफीचे चार गोठवलेले फोटो बघून प्रोब किती कलवला होता ते कसं कळणार?

जेल_जास्त_घ्या
दोघांनीही दाबाचा विषय सोडला. प्रोब दाबला की बर्सातलं (टेंडनवरच्या पातळ पिशवीतलं) पाणी बाजूला पळतं, डॉपलरवरचा रक्तप्रवाहाचा रंगही जातो, आणि सुजलेला बर्सा 'नॉर्मल' ठरतो. जेलचा जाड थर द्या, करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवून हाताचा भार तिच्यावर घ्या. मुद्दाम दाबायचं ते फाटीचा संशय असेल तेव्हा. खरंच भोक असेल तर वरचा डेल्टॉइड स्नायू आत उतरताना दिसतो. ही गंमत एमआरआयला दाखवता येत नाही.

छेद_घेणारा
शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलतो. 'फाट आहे' एवढ्याने माझं काम भागत नाही. तुटलेलं टोक किती मागे सरकलंय? अक्रोमियनखाली गेलं की तुमच्या लहरी हाडावर अडतात. स्नायूत चरबी किती भरलीय? ती मोजणारी गुटालियेची प्रतवारी १९९४ मध्ये सीटीवरून आली, आता आम्ही ती एमआरआयवरच वाचतो. सोनोग्राफीत स्नायू पांढरट दिसतो, पण ग्रेड ठरवताना माणसागणिक मत बदलतं. आणि खांदा वारंवार निखळणाऱ्या तरुणात सोनोग्राफी म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. तिथे प्रश्न लॅब्रमचा (सांध्याच्या खोबणीभोवतीच्या मऊ कडेचा) आणि हाडाच्या कडेचा.

तिरपा_प्रोब
निखळणारा खांदा माझ्या यादीत नव्हताच, तो तुमचा. शस्त्रक्रिया ठरतेय तिथेही एमआरआय हवाच. पण कॅल्शियमचा साठा, बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) टेंडन खोबणीतून सरकणं, हात उचलताना बर्सा अडकणं यासाठी बोगद्यात कशाला झोपवायचं? त्यातल्या कॅल्शियमवर तर त्याच बैठकीत सुईही घालता येते.

चुंबकवाला
मग निदान रिपोर्ट तरी नीट लिहा. फाट पुढून मागे किती मिमी, टोक किती सरकलं, दुसरा खांदा पाहिला का. उतारवयात न दुखणाऱ्या खांद्यातही फाट सापडते, त्यामुळे प्रोब टेकवल्यावर दुखलं ते नेमकं कुठे, हेही. आणि खांदा आखडल्यामुळे हात मागच्या खिशापर्यंत गेलाच नसेल, तर 'सुप्रास्पायनेटस पूर्ण दिसला नाही' असं स्पष्ट लिहा. तिथे 'नॉर्मल' छापू नका.

जेल_जास्त_घ्या
हात खिशापर्यंत जात नसेल तर मांडीच्या बाजूला टेकवून, जमेल तेवढा आत वळवून बघा. अर्धंमुर्धं दिसतं, पण मोठी फाट सहसा सुटत नाही.