अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी व्हिडिओ घरच्या घरी कसा करावा?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. माझा भाचा बेळगावात अकरावीत शिकतो, मनापासून बेसबॉल खेळतो आणि उजव्या हाताने पिचिंग करतो, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकतो. अमेरिकेतील एखाद्या कॉलेजच्या संघात खेळत पुढचे शिक्षण घ्यावे, अशी त्याची इच्छा आहे. तिथले प्रशिक्षक त्याला पाहायला इकडे येणार नाहीत, त्यामुळे व्हिडिओवरच सगळी भिस्त आहे. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या एका स्टुडिओने ड्रोन आणि पार्श्वसंगीतासह जी रक्कम सांगितली, ती ताईला झेपणारी नाही. साध्या मोबाइलवर हे काम होईल का? कॅमेरा कुठे ठेवावा आणि व्हिडिओ किती लांबीचा असावा?

टिळकवाडीकर
दादा, स्टुडिओला एक रुपयाही देऊ नका. प्रशिक्षकाला मुलाचे पाय, कंबर, खांदा आणि मनगट एकापाठोपाठ एक कसे फिरतात ते पाहायचे असते. ड्रोनमधून यातले काहीच दिसत नाही आणि संगीत तर तो बंदच करतो. मोबाइल आडवा धरून ट्रायपॉडवर पक्का बसवावा आणि डोक्यापासून बुटांपर्यंत सगळा मुलगा चौकटीत येईल इतपत अंतर ठेवावे.

पिचरचे चित्रीकरण तीन जागांवरून करावे. पहिली जागा कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) मागे, जाळीआड. तिथे भिंग जाळीला अगदी चिकटवले की दोऱ्या चित्रात येत नाहीत. दुसरी पिचरच्या पाठीमागे, कारण चेंडू कुठे आणि किती वळतो ते तिथूनच नीट कळते. तिसरी बाजूची, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते: उजव्या हाताच्या पिचरची छाती तिसऱ्या बेसकडे (फलंदाजाकडे तोंड केल्यावर पिचरच्या उजवीकडच्या टप्प्याकडे) असते, म्हणून कॅमेराही त्याच बाजूला हवा, नाहीतर संपूर्ण फेकीत त्याची पाठच दिसत राहते. आधी फास्टबॉल (वेगवान), मग कर्व्हबॉल (वळणारा), मग चेंजअप (फसवा संथ) अशा क्रमाने प्रत्येकी चार-पाच फेकी दाखवाव्यात आणि कोणता चेंडू आहे ते खाली लिहावे. पूर्ण वाइंडअप (फेकीआधीची लांब हालचाल) घेऊन आणि बेसवर धावपटू असताना टाकतात तशा स्ट्रेचमधून, अशा दोन्ही प्रकारच्या फेकी त्यात याव्यात. संथ गतीचे एखादे दृश्य शेवटी चालेल, पण त्याआधी तीच फेक नेहमीच्या वेगात दिसली पाहिजे.

मैदानाची आखणी मात्र काटेकोर हवी. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे (फलंदाजाजवळच्या पाटीपर्यंतचे) अंतर ६० फूट ६ इंच असते, तर क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधले ६६ फूट. म्हणून क्रिकेटच्या खेळपट्टीवर सराव करताना साडेपाच फूट पुढे यावे लागते. माउंड, म्हणजे पिचर जिथून फेकतो तो मातीचा उंचवटा, १० इंच उंच असतो. तो नसेल तर फेकी सपाट जमिनीवरून टाकल्या आहेत, असे स्पष्ट लिहावे. रडार गन नसेल तर अंदाजाने वेग लिहू नये. असेल तर तिचा आकडा चौकटीत दिसू द्यावा, आणि तोही ताशी मैलांत.

परदेशस्थ बेळगावकर
वरील सगळे पटते. लांबी तीन मिनिटांच्या आत ठेवा आणि सर्वांत चांगल्या फेकी अगदी सुरुवातीला घाला, कारण प्रशिक्षकाकडे अशा ईमेलचा ढीग पडलेला असतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात मन रमले नाही तर तो पुढे पाहत नाही. सुरुवातीच्या पाटीवर नाव, उंची, वजन, कोणत्या हाताने फेकतो आणि फलंदाजी करतो, संपर्क आणि बारावी पूर्ण होण्याचे वर्ष एवढे पुरे. हे वर्ष ईमेलच्या विषयातही लिहा. तिथे खेळाडूंची विभागणी त्यावरूनच होते. व्हिडिओची फाइल जोडू नका, यूट्यूबची लिंक द्या.

एकच मजकूर शंभर कॉलेजांना पाठवण्यापेक्षा मोजकी कॉलेजे निवडून प्रत्येक प्रशिक्षकाला त्याच्या नावाने लिहा. फक्त एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची तिथली मुख्य संघटना) डिव्हिजन १ मागे, म्हणजे सर्वांत वरच्या गटामागे, लागू नका; डिव्हिजन २, एनएआयए (कॉलेजच्या खेळांची दुसरी संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजेही पाहा. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण अभ्यासातील गुणांवर आणि घरच्या आर्थिक स्थितीनुसार मदत मिळू शकते. डिव्हिजन १ आणि २ साठी एनसीएएच्या इलिजिबिलिटी सेंटरकडे (पात्रता तपासणाऱ्या केंद्राकडे) नोंदणी लागते आणि ठरावीक १६ विषय-वर्षांचा (एक विषय वर्षभर शिकला की एक) अभ्यास तपासला जातो, तेव्हा नववीपासूनच्या गुणपत्रिका आतापासूनच एकत्र करून ठेवा.

निपाणीची क्रीडाशिक्षिका
भाचा फलंदाजीही करत असेल तर तीही थोडी दाखवा. उजव्या हाताच्या बॅटरसाठी कॅमेरा पहिल्या बेसच्या बाजूला ठेवावा, आणि बॅट लाकडी आहे की धातूची ते लिहावे, कारण दोन्हींवरून चेंडू सारख्या वेगाने सुटत नाही.

खानापूरकर
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात मैदानात चिखलच चिखल असतो. तोवर बंदिस्त सभागृहात चित्रीकरण केले तर चालेल का?

टिळकवाडीकर
फेकीची ढब दाखवण्यापुरते चालेल, पण ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते आणि चेंडू पुसट दिसतो. दसरा होऊ द्या, मैदान वाळले की सकाळी सूर्य पाठीशी घेऊन चित्रीकरण करा. तोवर त्याच्याकडून स्ट्रेचमधल्या फेकींचा सराव करून घ्या.